तव्यावरचा विलायती पाव

अनारशाला आपण अस्सल घरचे पक्वान्न मानतो आणि पावाला परक्यांचे खाद्य म्हणतो. पण थोडा विचार केला तर ही दोघे एकाच कुळातली आहेत असे दिसून येते. अनारशासाठी तांदूळ तीन दिवस भिजत घालतात, रोज पाणी बदलतात, तिसऱ्या दिवशी त्यांना किंचित आंबूस वास येऊ लागला म्हणजे सुगरण समाधानाने मान हलवते. तो वास म्हणजे आंबण्याची खूण. आंबोळी, इडली, जिलबी हीसुद्धा सारी त्याच वासाची लेकरे. पावाच्या कणकेत याहून निराळे काही घडत नाही. तिथे यीस्ट नावाची सूक्ष्म बुरशी पिठातली साखर खाते आणि वायू सोडते. त्या वायूने कणीक फुगते. फ्रान्समध्ये लुई पाश्चरने १८५७नंतरच्या काही वर्षांत प्रयोग करून दाखवून दिले की, आंबणे हे सजीवांचे कार्य आहे. आपल्याकडे संस्कृतात या आंबवणाऱ्या द्रव्याला किण्व असा शब्द होताच. म्हणजे वस्तू ठाऊक होती, क्रिया ठाऊक होती, शब्दही होता. मग पाव आपल्या चुलीवर का फुगला नाही, आणि बाहेरून आला तेव्हा त्याला उंबऱ्याशी इतकी वर्षे का ताटकळावे लागले, हा प्रश्न दिवाळीच्या फराळाबरोबर चघळण्याजोगा आहे.

या प्रश्नाची ओढ मला लागली ती इंग्लिश मफिन नावाच्या एका चिजेमुळे. हल्ली शहरातल्या बेकऱ्यांत मफिन म्हणून जो कागदाच्या वाटीतला गोड केक मिळतो तो हा नव्हे. इंग्लिश मफिन म्हणजे तळहाताएवढा, वाटोळा, चपटा पाव. तो गोड नसतो, आणि मुख्य म्हणजे त्याला भट्टी लागत नाही. तो तव्यावर भाजतात. हॅना ग्लास नावाच्या इंग्रज बाईने १७४७ साली पाकशास्त्रावर एक पुस्तक प्रसिद्ध केले, आणि ते पुढे इंग्लंडात घरोघर गेले. त्यात मफिनची कृती आहे. लोखंडी पत्र्यावर भाजावे, आतून मधाच्या पोळ्यासारखी जाळी पडली पाहिजे, आणि खाताना त्याला सुरी लावू नये, हातानेच उकलावे, नाहीतर ते शिशासारखे जड होईल, असे ती बजावते. भाकरी सुरीने कापणाऱ्या माणसाकडे आपल्याकडची म्हातारी ज्या नजरेने पाहील, तीच ही नजर! लंडनच्या गल्ल्यांतून डोक्यावर मफिनचे तबक आणि हातात घंटा घेतलेला फेरीवाला हिंडत असे. पुढे सॅम्युएल बाथ थॉमस नावाचा एक इंग्रज १८७४ साली अमेरिकेत गेला, त्याने १८८०मध्ये न्यूयॉर्कला स्वतःची बेकरी काढली, आणि त्याच्या हातचा हा पाव तिकडे इतका लोकप्रिय झाला की ‘इंग्लिश मफिन’ हे नाव इंग्लंडपेक्षा अमेरिकेतच अधिक रूढ झाले.

आता आपल्याकडे वळू. जुन्नर आणि आंबेगाव हे आमचे दोन तालुके पश्चिमेला सह्याद्रीला पाठ टेकून बसले आहेत. डोंगराच्या अंगाला भात, नाचणी, वरई. पूर्वेला मोकळ्या रानात बाजरी, ज्वारी आणि रब्बीचा गहू. बाजरी-नाचणीच्या पिठात तो चिकट पदार्थ नसतो, ज्याला शास्त्रज्ञ ग्लुटेन म्हणतात. गव्हाच्या कणकेला जो ताण असतो तो त्याचाच. वायू धरून ठेवायला हा ताण लागतो, नाहीतर पीठ कितीही आंबले तरी फुगून उभे राहत नाही. शिवाय रोज भट्टी पेटवण्याइतके सरपण आणायचे कुणी? तीन दगडांची चूल, तिच्यावर तवा, आणि दहा मिनिटांत पानात भाकरी, ही आमच्या बायकांची सोय होती आणि तीत काही उणे नव्हते. तेव्हा पाव इथे उपजला नाही याचे कारण जमिनीत आणि चुलीत आहे. पण आलेल्या पावाला दार उघडायला वेळ का लागला, याचे कारण मात्र जमिनीत सापडत नाही. ते माणसांत शोधावे लागते.

आणि माणसे या भागात फार पूर्वीपासून दूरदूरची येत आली आहेत. सातवाहनांच्या काळी कोकणातल्या बंदरांत उतरलेला माल नाणेघाटाने वर चढून जुन्नरला येई. घाटाच्या तोंडाशी असलेला दगडी रांजण अजून उभा आहे, आणि तो जकातीचा म्हणून लोक दाखवतात. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत जी बौद्ध लेणी आहेत, त्यांत दान देणाऱ्यांचे शिलालेख आहेत. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची पोढी दिल्याचे एक लेख सांगतो. दुसऱ्या एका लेखात इरिल नावाच्या यवनाने पाण्याच्या दोन पोढी दिल्याची नोंद आहे. आणि तिसऱ्या लेखात चिट नावाच्या यवनाने संघाला काय दिले म्हणता? भोजनमंडप! अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वी एका परदेशी म्हणवल्या जाणाऱ्या माणसाने जुन्नरला जेवणासाठी दालन कोरवून दिले, आणि ते देताना आपले यवनपण लपवावे असे त्याला वाटले नाही. घेणाऱ्यांनाही ते दगडावर कोरायला संकोच वाटला नाही.

त्यानंतर तेराएक शतके लोटली. १४७०च्या आसपास अफनासी निकितिन नावाचा एक रशियन व्यापारी चौलला उतरून घाट चढून जुन्नरला आला. वास्को द गामा कालिकतला पोचला १४९८ साली. म्हणजे त्याच्याआधी जवळजवळ तीस वर्षे हा गृहस्थ आमच्या गावच्या चिखलात पावसाळा काढत होता. त्याच्याजवळ विकायला आणलेला एक घोडा होता. इथल्या खानाने तो घोडा काढून घेतला आणि धर्म बदललास तर घोडाही देतो आणि वर एक हजार मोहरा देतो, असे सांगितले. खुरासानच्या एका मुसलमान सज्जनाने रदबदली केली म्हणून बिचाऱ्याचा घोडाही वाचला आणि धर्मही. या निकितिनने आपल्या प्रवासाची टिपणे लिहून ठेवली आहेत. त्यात त्याने इथल्या हिंदूंची एक रीत मोठ्या नवलाने नोंदवली आहे. हे लोक एकमेकांबरोबरही जेवत नाहीत. परधर्मीयाची नजर अन्नावर पडली तर ते अन्न टाकून देतात. कोणी पाहू नये म्हणून काहीजण अंगावर वस्त्र ओढून जेवतात. स्वतः निकितिन उपवासाच्या दिवसांत या देशात पाणी आणि रोटी यांवर राहिला. भोजनमंडपापासून पांघरुणाखालच्या घासापर्यंतचा हा प्रवास आपण केव्हा आणि कसा केला, हे एका लेखात सांगण्याचे काम नव्हे. पण तो केला, एवढे खरे.

पाव आला तो गोव्याच्या वाटेने. १५१० साली पोर्तुगिजांनी गोवा घेतला. त्यांना भाताने समाधान होईना. पावाशिवाय त्यांचे जेवण नव्हते आणि प्रार्थनाही नव्हती. यीस्ट मिळेना, तेव्हा माडाची सूर कणकेत घालून त्यांनी ती फुगवली. पोर्तुगीज भाषेत या पदार्थाला ‘पांव’सारखा उच्चार असलेला शब्द आहे, त्यावरून आपला पाव. पायांनी कणीक तुडवतात म्हणून पाव, किंवा पाव शेराचा म्हणून पाव, अशा व्युत्पत्ती आपल्याकडे मोठ्या आत्मविश्वासाने सांगितल्या जातात. त्या खऱ्या नाहीत. पण पहिली व्युत्पत्ती कुठून जन्मली ते समजण्यासारखे आहे. ज्याला आपण शिवणार नाही त्याच्याबद्दल अशी गोष्ट ऐकायला बरी वाटते. गोव्यात सकाळ-संध्याकाळ पोदेर गल्लीतून हिंडतो आणि भोंगा वाजवून गिऱ्हाइकांना बोलावतो. लंडनच्या घंटावाल्याचा हा सख्खा भाऊच म्हणायचा.

वसईकडे एक दंतकथा सांगतात. पाद्र्यांनी गावच्या विहिरीत पाव टाकला, नकळत ते पाणी प्यालेले लोक बाटले, आणि गावकीने त्यांना परत घेतले नाही. कथा किती खरी हा प्रश्न निराळा. मला तिच्यातले एक कलम महत्त्वाचे वाटते. पाव टाकणारा एक दिवस टाकून गेला. पण परत न घेणारे आपलेच होते, आणि ते रोज परत घेत नव्हते.

या भीतीची ताकद ओळखूनच १८४९ साली मुंबईत दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या मित्रांनी परमहंस सभा काढली. जातिभेद मोडणे हा तिचा हेतू. सभासद व्हायचे तर परीक्षा कोणती? ग्रंथ पाठ करायचा नव्हता की वर्गणी भरायची नव्हती. ख्रिस्ती माणसाच्या हातचा पावाचा तुकडा खायचा आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यायचे! शिकलेसवरलेले तरुण बंद दाराआड जमत आणि तो तुकडा तोंडात घालत. आज वडापावचा घास घेताना हा प्रसंग आठवला तर हसू येईल. पण त्या वेळी त्या तुकड्यापायी घरदार, सोयरीक, वडिलांचे तोंड पाहणे, सारे जाण्याची वेळ येई. १८६०च्या सुमारास सभासदांच्या नावांची यादी चोरीला गेली, नावे फुटणार अशी आवई उठली आणि सभा मोडली. पाव पचला होता, पण नाव उघड होण्याचे भय पचले नव्हते. तिच्यातले काही पुढे १८६७ साली प्रार्थना समाजाच्या उभारणीत आले.

पुण्यातला प्रसंग तर पुष्कळांना ठाऊक असेल. १४ ऑक्टोबर १८९० रोजी पंचहौद मिशनमध्ये एका सभेनंतर चहा देण्यात आला. मंडळींत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते, गोखले होते. काहींनी चहा घेतला, काहींनी पेला नुसता पुढे ठेवून घेतला. गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान, यांनी हजर असलेल्यांची यादी ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आणली. झाले! ग्रामण्य उठले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, प्रायश्चित्ते झाली. एका पेल्याने एवढ्या मोठ्या माणसांची ही अवस्था, तर साध्या संसारी माणसाने पावाला हात लावायला कचरावे यात नवल काय?

तरीही पाव आमच्या तालुक्यांत आला, आणि तो कोणत्याही सभेच्या ठरावाने आला नाही. तो पोटामागे गेलेल्या माणसांच्या पिशवीतून आला. घाटावरची कोरडवाहू शेती वर्षभर पुरेना, म्हणून इकडचे तरणे हात मुंबईच्या गिरण्यांत आणि गोद्यांत गेले. आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा बाबू गेनू हा त्यांपैकीच एक. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाची लॉरी अडवताना त्याने प्राण दिला. आज डिंभे धरणाच्या जलाशयाला त्याचे नाव आहे. ज्या आंबेगावावरून तालुक्याचे नाव पडले ते गाव याच पाण्याखाली गेले, आणि तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. अशा कामकऱ्याला पाळी सुटल्यावर इराण्याच्या हॉटेलातला ब्रून आणि चहा परवडत असे. तिथे बाजूच्या बाकावर कोण बसला आहे हे विचारायला सवड नसे. सुट्टीला गावी येताना तो खारी, बटर, टोस्ट यांचा पुडा आणी. आजी ओसरीवर नाक मुरडी आणि नातवंडे ओसरीखाली पुडा फोडत. आमच्या घरी पुडा देवघरापासून दूर, दिवळीत ठेवण्याची रीत होती. मग तो हळूहळू स्वयंपाकघराच्या दाराशी आला, मग फडताळात. १९६६ साली दादरला अशोक वैद्य यांनी वडा आणि पाव यांची गाठ घातली, असे सांगतात. आणि आज नारायणगाव-मंचरच्या एस. टी. स्थानकावर वडापाव खाणाऱ्याला कोणी जात विचारीत नाही.

इथे लेख संपवून आपण सारे सुधारलो असे म्हणता आले असते. पण शाळामास्तराला गणिताचा ताळा करून पाहायची खोड असते. पाव सात समुद्रांपलीकडून आला आणि स्वयंपाकघरात शिरला. त्याच काळात गावकुसाबाहेरच्या घरातली भाकरी, तीच बाजरी, तेच पाणी, तसाच तवा, ती मात्र दोनशे पावले चालून गावात आली नाही. उलट गावातली शिळी भाकरी वरून त्या पदरात टाकली जाई, आणि टाकणारा त्याला पुण्य म्हणे. म्हणजे भीती आंबलेल्या कणकेची नव्हती. हात कुणाचा, एवढाच प्रश्न होता. आणि साहेबाच्या हाताला लवकर माफी मिळाली, कारण त्या हातात सत्ता होती, पगार होता. शेजाऱ्याच्या हातात काही नव्हते, म्हणून त्याला थांबावे लागले. जोतीरावांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, १९५०मध्ये राज्यघटनेने अस्पृश्यता नाहीशी केल्याचे जाहीर केले. पाण्याची गोष्ट झाली, कायद्याची झाली. भाकरीची गोष्ट अजून घराघरांत चालू आहे.

शाळेत ती कशी चालते ते मी रोज पाहतो. दुपारी पोषण आहाराची खिचडी शिजते, मुले एका पंगतीला बसतात आणि कुणाच्या ताटात किती वाटाणे आले यावरून भांडतात. दुसरे भांडण त्यांना माहीत नसते. चिटाच्या भोजनमंडपाची मला तेव्हा आठवण येते. पण तीच मुले मोठी होतात, आणि एखादे दिवशी एखादा मुलगा मित्राच्या घरी जेवायला थांबत नाही, कारण विचारले तर खाली पाहतो. त्याला कोणी धडा दिलेला नसतो. घरात न बोललेले तो ऐकून असतो.

असो. सणाच्या दिवशी उपदेश फार नको. कृती सांगतो, कारण हा पाव आपल्या तव्यासाठीच जणू जन्मला आहे. अर्धा किलो मैदा घ्यावा, किंवा निम्मा मैदा आणि निम्मी बारीक चाळलेली कणीक. तीनशे मिलिलिटर कोमट दूध-पाणी, बोट बुडवले तर चटका बसू नये इतपत. त्यात एक चमचा साखर आणि दीड चमचा कोरडे यीस्ट घालून दहा मिनिटे झाकून ठेवावे. वर फेस आला म्हणजे यीस्ट जिवंत आहे असे समजावे. न आला तर पुढे जाऊ नये, पीठ फुकट जाईल. मग पिठात दीड चमचा मीठ, दोन चमचे लोणी आणि हे पाणी घालून पोळीच्या कणकेपेक्षा सैल मळावे. लागल्यास आणखी दोन-तीन चमचे पाणी घ्यावे. दहा मिनिटे चांगले मळले की हाताला चिकटणारी कणीक हात सोडू लागते. तेल लावून ओल्या फडक्याखाली ठेवावी. उन्हाळ्यात तासाभरात, दिवाळीच्या थंडीत दीड-दोन तासांत ती दुप्पट होते. घड्याळाकडे पाहू नये, कणकेकडे पाहावे.

मग ती हलक्या हाताने बोटभर जाडीची थापावी आणि वाटीने वाटोळे पाडावेत. ताटात रवा पसरून त्यावर ते ठेवावेत, वरूनही रवा भुरभुरावा. अनारसा आपण खसखशीवर थापतो, तसाच हा प्रकार. पुन्हा अर्धा तास झाकून ठेवावे. नंतर जाड बिडाचा तवा मंद आचेवर तापवून, तूप-तेल न लावता, एकेक बाजू सात-आठ मिनिटे भाजावी. आच मोठी झाली तर बाहेरून करपतो आणि आत कच्चा राहतो; इथे भाकरीची घाई चालत नाही. कडेला दाबून पाहावे, बोट काढताच कड परत वर आली की झाला. गार होऊ द्यावा, मग कडेने काट्याचे टोक टोचत फिरवून हाताने उकलावा. आत जाळी दिसेल. त्या जाळीत लोणी मुरते, आणि वर गुळाचा पाक किंवा शेंगदाण्याची चटणी काहीही शोभते. अनारसा तुपात विरघळला की बायका म्हणतात, ‘हसला!’ हा पाव उकलला की हसतो, आणि त्याचे हसणे शुभ.

एवढ्या पिठाचे दहा-बारा होतात. चार जणांच्या घराला ते जास्त आहेत, आणि तेच बरे. दिवाळीत आपण फराळाची ताटे भरून शेजारी देतो, आणि आलेले ताट रिकामे परत करू नये अशी आपली जुनी रीत आहे. ही रीत फार शहाण्या माणसाने घालून दिली असावी. कारण तिच्यात देणे एकाच बाजूने राहत नाही. यंदा ताट भरताना ते कोणकोणत्या घरी जाते हे एकदा मनाशी मोजून पाहावे. ज्या घरी आजवर गेले नाही त्या घरी आधी पाठवावे. आणि तिथून ते भरून परत आले, तर जे आले असेल ते दिवळीत न ठेवता, मुलांदेखत, आपण स्वतः आधी खावे.